साठ कुणी ठरवले?

पेसमेकर बसवलेला रुग्ण तपासणीला येतो तेव्हा त्याच्या छातीवर, यंत्र असते त्या जागी, एक चपटी चकती ठेवतात आणि प्रोग्रॅमरच्या पडद्यावर आतली सगळी माहिती उमटते. बॅटरी किती उरली, लीड (यंत्रापासून हृदयात जाणारी तार) शाबूत आहे का, गेल्या सहा महिन्यांत किती टक्के ठोके यंत्राने दिले, मध्ये कधी ठोके बेताल झाले का. दहा-पंधरा मिनिटांत काम होते. ‘काका, मशीन छान चाललंय, सहा महिन्यांनी या,’ असे सांगितले जाते आणि घरचे हलक्या मनाने बाहेर पडतात. त्या सगळ्या आकड्यांत एक आकडा असा असतो की त्याच्यापाशी बहुधा कुणी थांबत नाही. तो म्हणजे लोअर रेट. हृदयाची गती यापेक्षा खाली जाऊ लागली की यंत्राने ठोका द्यायचा, अशी ती किमान मर्यादा. बहुतेक कागदांवर तिथे 60 छापलेले असते.

हे 60 रुग्णाचे वय, उंची, हृदयाचा आजार, झोप, हिंडणे-फिरणे बघून काढलेले असेल असे घरच्यांना वाटते. तसे ते क्वचितच असते. बाजारातले बहुतेक पेसमेकर कारखान्यातून निघतानाच 60 वर लावलेले असतात. बसवताना बदलण्याचे काही ठळक कारण दिसले नाही तर ते तसेच राहते. काही वर्षांनी बॅटरी संपते, नवे यंत्र बसते आणि जुन्या कागदावरचे 60 नव्या यंत्रात उतरते. माणूस सत्तरीचा असताना लागलेला आकडा त्याच्या पंच्याऐंशीव्या वर्षीही चालू असतो, मधल्या काळात त्याचे हृदय कितीही बदललेले असो.

माझे म्हणणे असे की हा आकडा म्हणजे औषधाचा डोस आहे आणि तो डोसासारखाच ठरवला पाहिजे. तो का निवडला हे लिहिलेले असावे, त्याचा परिणाम पाहिला जावा आणि गरज पडेल तेव्हा तो बदलावा. मिनिटाला दहा ठोक्यांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. दिवसाला तो 14,400 ठोक्यांचा होतो, वर्षाला 52 लाखांहून अधिक. एवढा फरक पाडणारी गोळी कुणी कंपनीने पाकिटावर छापलेल्या मात्रेत वर्षानुवर्षे डोळे मिटून चालू ठेवली असती, तर आपण डॉक्टरांना जाब विचारला असता.

अर्थात प्रत्येक रुग्णाला या आकड्याचे सारखेच महत्त्व नाही. ज्याच्या हृदयाचा वरचा कप्पा गती नीट देतो, पण वरून खाली येणारी विजेची वाट तुटली आहे, अशा हार्ट ब्लॉकच्या रुग्णात (रक्तवाहिनीतले ‘ब्लॉकेज’ ते वेगळे) दोन लीडचे यंत्र वरचा ठोका ओळखते आणि खाली पोहोचवते. त्याची दिवसभराची गती त्याची स्वतःचीच असते, किमान मर्यादेशी गाठ पडते ती मुख्यतः रात्री. पण ज्याची मूळ गती देणारी गाठच, सायनस नोड, थकली आहे त्याचे तसे नाही. पेपर वाचताना, जेवताना, पूजेला बसल्यावर, टीव्हीसमोर डुलक्या घेताना त्याचे हृदय याच आकड्यावर चालत राहते. चालायला लागल्यावर गती वाढवणारा सेन्सर यंत्रात असतो खरा, पण बहुतेक यंत्रांत तो शरीराची हालचाल मोजतो. बसल्या जागी आलेला ताप किंवा मनाला लागलेली काळजी त्याला कळत नाही. दिवसातले बहुतेक तास बसून किंवा पडून घालवणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी किमान गती म्हणजेच जवळजवळ सगळी गती.

तिसरा एक गट आहे. एट्रियल फिब्रिलेशनमुळे हृदय सतत बेताल धावते, औषधांना दाद देत नाही, तेव्हा मधली जोडणारी गाठ जाळून टाकतात आणि खालचा कप्पा पूर्णपणे यंत्राच्या हवाली करतात. इथे मात्र डॉक्टर आकड्याचा खरोखर विचार करतात. पहिले काही आठवडे तो 80 ते 90 ठेवतात, कारण महिनोन् महिने धावलेले हृदय एकदम 60 वर आणले तर त्यातून जीवघेणी अनियमितता उद्भवू शकते, हे 1990 च्या दशकात ध्यानात आले. जन्मजात लाँग क्यूटी हा हृदयाच्या विजेचा दोष असलेल्या रुग्णातही संथ गती धोक्याची, म्हणून तिथेही मर्यादा मुद्दाम वर ठेवतात. म्हणजे जिथे चुकीच्या आकड्याने माणूस दगावू शकतो तिथे वैद्यकाने तो विचारपूर्वक निवडला. जिथे चुकीच्या आकड्याने फक्त दम लागतो, थकवा येतो, पायावर सूज चढते, तिथे कारखान्याचा आकडा चालवून घेतला. दम आणि थकवा ही म्हातारपणाचीच लक्षणे समजून सोडून दिली जातात आणि म्हणूनच हे इतकी वर्षे खपले.

हे असे का झाले याला इतिहास आहे. 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोमजवळच्या सोल्ना इथल्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात शल्यचिकित्सक ओके सेनिंग यांनी 43 वर्षांच्या आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पूर्णपणे आत बसणारा पेसमेकर बसवला. तो रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनवला होता. त्याचे आवरण बूटपॉलिशच्या डबीत ओतून घडवले होते. लार्सन यांना दिवसातून वीस-तीस वेळा हृदय थबकल्याने शुद्ध हरपण्याचे झटके येत आणि त्यांच्या पत्नी एल्स-मारी यांनी पिच्छा पुरवला म्हणून ते यंत्र घाईने तयार झाले. ते काही तासांतच बंद पडले, मग दुसरे बसवले. पुढे लार्सन यांना आयुष्यभरात वीसहून अधिक यंत्रे बसली. ते 86 वर्षे जगले आणि 2001 साली वारले, तोपर्यंत सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही निवर्तले होते. त्या पहिल्या यंत्राला हृदयाचा स्वतःचा ठोका ओळखता येत नव्हता. ते एकाच ठरावीक गतीने ठोके देत राही. माणूस जगतो की मरतो एवढाच प्रश्न असताना कोणत्या गतीने जगतो हे विचारण्याची ती वेळ नव्हती. त्या वेळी तसे करणे योग्यच होते.

1960 च्या दशकातल्या काही यंत्रांची गती बदलता येई, पण त्यासाठी कातडीतून सुई खुपसून आतले नियंत्रण फिरवावे लागे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कॉर्डिस कंपनीच्या ‘ऑम्निकॉर’ने बाहेरून चुंबकीय स्पंदने पाठवून गती बदलण्याची सोय आणली. तेव्हापासून हा आकडा बदलणे काही सेकंदांचे, बिनवेदनेचे काम झाले आहे. सोय येऊन पन्नास वर्षे झाली आणि तरी आकडा बहुधा जागचा हलत नाही.

60 या आकड्याला पाठ्यपुस्तकाचा आधार आहे. प्रौढ माणसाची विश्रांतीतली गती 60 ते 100 असावी, 60 च्या खाली ती मंद, असे वैद्यकीय विद्यार्थी पहिल्या वर्षापासून शिकतो. पण ही रेषा मंद गती ओळखण्यासाठी आखलेली आहे. तिच्याखाली गेलेल्या माणसाकडे जरा नीट बघा, एवढेच ती सांगते. उपचाराने माणसाला कुठे नेऊन ठेवायचे हे ती सांगत नाही. ज्याची नाडी उभ्या आयुष्यात बसल्या जागी 74 च्या आसपास राहिली, त्याला यंत्राने 60 वर आणून ठेवले तर पुस्तकाच्या हिशेबाने तो सामान्य ठरतो, त्याच्या स्वतःच्या शरीराच्या हिशेबाने नाही. उलट, रोज मैलोन् मैल धावणाऱ्या माणसाची नाडी पन्नाशीच्या आत असूनही तो ठणठणीत असतो. निरोगी माणसांच्या दोन टोकांमध्ये एवढे अंतर असताना आजारी माणसांसाठी मात्र एकच आकडा कसा चालेल?

मग जास्त ठेवावा का? या प्रश्नाने एकदा मोठा हिसका दिला आहे आणि त्याची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे.

2002 साली अमेरिकेत ‘डेव्हिड’ नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात 506 रुग्ण होते. सगळ्यांची हृदये कमकुवत, सगळ्यांना जीवघेण्या अनियमिततेवर शॉक देणारे यंत्र, म्हणजे आयसीडी, बसवलेले. त्यांना मंद गतीचा त्रास नव्हता, म्हणजे पेसमेकरची गरज नव्हती. निम्म्यांत यंत्र 40 वर ठेवले, म्हणजे जवळजवळ गप्प बसवले. उरलेल्यांत दोन लीड वापरून 70 वर ठेवले. थोडी जलद, सुसूत्र गती कमकुवत हृदयाला आधार देईल अशी आशा होती. घडले उलटे. एका वर्षात मृत्यू न येता आणि हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात दाखल न व्हावे लागता राहिलेल्यांचे प्रमाण 40 च्या गटात 83.9 टक्के होते, 70 च्या गटात 73.3 टक्के. चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवावी लागली.

यातून बहुतेकांनी धडा घेतला तो असा की गती कमी ठेवा. आयसीडीच्या रुग्णांपुरता तो बरोबरच होता आणि आजही पेसमेकरची गरज नसलेल्या रुग्णाच्या आयसीडीला 40 वर गप्प बसवणे शहाणपणाचे आहे. पण या चाचणीत दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. गती वाढली आणि तिच्याबरोबर उजव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात यंत्राने ठोके देण्याचे प्रमाणही वाढले. 70 च्या गटात निम्म्याहून अधिक ठोके असे खालून दिले जात होते, 40 च्या गटात अगदी मोजके. उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाशी वीज सोडली की ती स्नायूंमधून रेंगाळत डावीकडे जाते, हृदयाच्या दोन भिंती एका वेळी आकसत नाहीत आणि वर्षानुवर्षे असे झाले तर हृदय थकते. 2003 साली मायकेल स्वीनी आणि सहकाऱ्यांनी ‘मोस्ट’ या दुसऱ्या मोठ्या चाचणीतले आकडे तपासले. दोन लीडच्या यंत्रावर असलेल्या ज्या रुग्णांत खालच्या कप्प्यातले ठोके 40 टक्क्यांच्या वर गेले होते, त्यांना हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात जावे लागण्याची शक्यता सुमारे अडीच पटींनी अधिक निघाली.

दोष मग गतीचा की जागेचा? ‘डेव्हिड’च्याच संशोधकांनी पुढे हा गुंता सोडवला. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत त्यांनी 600 रुग्ण घेतले, पुन्हा एका गटाला 40 वर गप्प ठेवले आणि दुसऱ्याला 70 दिले, पण या वेळी वरच्या कप्प्यातून. दोन गटांत फरक पडला नाही. 70 च्या गतीने त्या हृदयांचे भले झाले नाही, पण वाईटही झाले नाही. ही दुसरी चाचणी पहिलीइतकी गाजली नाही. हानी दाखवणारा निकाल लक्षात राहतो, काहीच न घडल्याचा निकाल विसरला जातो. त्यामुळे ‘वरच्या कप्प्यातून दिलेल्या गतीचा प्रश्न अजून खुला आहे’ हे वाक्य अनेक वर्षे कुणाच्या फारसे तोंडी आलेच नाही.

दरम्यान खालच्या कप्प्यात ठोका कुठे द्यायचा हेही बदलत गेले. पेनसिल्व्हेनियात काम करणाऱ्या प्रमोद देशमुख यांनी 2000 साली हृदयाच्या मूळ वीजवाटेलाच, हिस बंडलला, लीड लावून कायमचे पेसिंग करता येते असे दाखवले. 2017 साली चीनमधल्या वेन्झोऊच्या वेइजियान हुआंग यांच्या गटाने त्या वाटेच्या डाव्या फांदीपाशी लीड नेण्याची पद्धत मांडली आणि ती झपाट्याने पसरली. आता वीज मूळ वाटेने जाते, दोन्ही भिंती जवळजवळ एकत्र आकसतात. जुन्या लीडमुळे वाढीव गतीला जो डाग लागला होता, तो नव्या लीडच्या बाबतीत तसाच धरून चालता येत नाही.

आता हृदयाच्या स्नायूकडे वळू, कारण खरा वाद तिथे आहे. हार्ट फेल्युअर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ढिले पडलेले, फुगलेले, जोर नसलेले हृदय येते. पण म्हातारपणी, विशेषतः वर्षानुवर्षे उच्च रक्तदाब असलेल्या बायकांमध्ये, दुसराच प्रकार फार आढळतो. टू-डी इकोच्या अहवालात ‘पंपिंग 60 टक्के, नॉर्मल’ असे लिहिलेले असते आणि तरी आजींना जिना चढवत नाही. हे हृदय आकसते नीट, पण सैल होत नाही. त्याची भिंत जाड आणि कडक झालेली असते. कडक रबराच्या पिशवीत पाणी भरताना सुरुवातीला ते सहज जाते आणि शेवटच्या दोन घोटांना दाब एकदम चढतो, तसे या हृदयाचे होते. गती जितकी मंद, तितका दोन ठोक्यांमधला वेळ लांब, तितके रक्त प्रत्येक ठोक्याआधी आत साठणार आणि तितका शेवटचा दाब चढणार. तो दाब मागे फुप्फुसांवर येतो आणि दम लागतो. भिंत ताणली गेली की हृदय बीएनपी नावाचा पदार्थ रक्तात सोडते, तो तपासणीत वाढलेला दिसतो. गती थोडी वाढवली तर प्रत्येक ठोक्याला साठणारे रक्त कमी होते, दाब उतरतो आणि मिनिटाला पोहोचणारे एकूण रक्त साधारण तेवढेच राहते.

हा विचार घेऊन अमेरिकेतल्या व्हर्माँट विद्यापीठात मार्कस मायर, मार्गारेट इन्फेल्ड आणि सहकाऱ्यांनी ‘मायपेस’ नावाची चाचणी केली. ती 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनी असे 107 रुग्ण निवडले की ज्यांना पेसमेकर आधीच बसवलेला होता, ज्यांचे पंपिंग चांगले होते पण हृदय कडक झालेले किंवा त्या वाटेवर होते आणि ज्यांचे यंत्र वरच्या कप्प्यातून किंवा मूळ वीजवाटेशी जुळणाऱ्या पद्धतीने ठोके देत होते. जुन्या लीडचा गुंता त्यांनी दारातच बाजूला ठेवला, ही या चाचणीची मोठी शहाणी गोष्ट. एका गटाला नेहमीचे 60 दिले. दुसऱ्याला प्रत्येकाची उंची आणि पंपिंगची टक्केवारी घालून काढलेला त्याचा स्वतःचा आकडा दिला. लहान चणीच्या शरीराची नैसर्गिक गती जास्त असते, म्हणून ठेंगण्या माणसाला वरचा आकडा, उंच माणसाला खालचा. हे वैयक्तिक आकडे सरासरीने 75 च्या आसपास आले. वर्षभरात 75 च्या गटाची तब्येत सुधारली. आजाराचा जाच मोजणाऱ्या प्रश्नावलीत, जिच्यात गुण जितके कमी तितके बरे, त्यांचे मधले गुण 26 वरून 9 वर आले. 60 च्या गटाचे 19 वरून 27 वर गेले. बीएनपीशी संबंधित तपासणीतही एका गटाचा आकडा उतरला, दुसऱ्याचा चढला. वैयक्तिक गटातली माणसे रोज अधिक हिंडू-फिरू लागली आणि एट्रियल फिब्रिलेशनमध्ये जाणारा त्यांचा वेळही कमी झाला. कुणाला नवे औषध दिले नव्हते, नवी शस्त्रक्रिया केली नव्हती.

मला या चाचणीचे महत्त्व वाटते, तरी तिच्यावर घर बांधायला मी तयार नाही. 107 रुग्ण थोडे आहेत आणि ते एकाच केंद्रातले आहेत. शिवाय त्याच वर्षी मेयो क्लिनिकमधून आलेली ‘रॅपिड-एचएफ’ चाचणी सावध करणारी आहे. तिच्यात कडक हृदयाच्या 29 रुग्णांना, ज्यांची गती श्रम करताना पुरेशी वाढत नव्हती, वरच्या कप्प्यात पेसमेकर बसवला आणि व्यायामाच्या वेळी गती वाढेल असे यंत्र लावले. गती वाढली, पण व्यायामाची ताकद वाढली नाही. ठोके जास्त झाले तसे प्रत्येक ठोक्याचे रक्त घटले, बेरीज तीच राहिली. शिवाय यंत्र बसवताना काहींना गुंतागुंतही झाली. विश्रांतीतली गती हा एक प्रश्न आणि श्रमातली गती हा दुसरा, हे यातून दिसते. ‘मायपेस’मध्ये यंत्रे आधीच छातीत होती, हा फरकही लहान नाही. केवळ गती वाढवायची म्हणून नवा पेसमेकर बसवणे आज समर्थनीय नाही.

आणि ढिल्या, फुगलेल्या हृदयाच्या बाबतीत तर पारडे पुरते फिरते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या ‘शिफ्ट’ चाचणीत साडेसहा हजार कमकुवत हृदयांच्या रुग्णांची गती इव्हाब्रॅडीन या औषधाने मंद केली, तेव्हा हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालय गाठावे लागणे 18 टक्क्यांनी कमी झाले. त्या हृदयाला विसाव्याची, भरून घेण्याची वेळ हवी असते. एकाच आजाराच्या नावाखाली दोन हृदये विरुद्ध दिशांना उभी आहेत. एका संख्येने दोघांचीही सोय व्हावी अशी अपेक्षा बाळगणे मला वैद्यकीयदृष्ट्या आळशीपणाचे वाटते.

संथ हृदय म्हणजे दीर्घायुष्य, असा एक समज आपल्याकडे खोल रुजला आहे. उंदराचे हृदय भरभर धडकते आणि तो दोन वर्षांत मरतो, देवमाशाचे संथ चालते आणि तो खूप जगतो, असे दाखले दिले जातात. माणसांतही विश्रांतीतली नाडी जलद असणाऱ्यांचे मृत्यू अधिक आढळतात, हे खरे आहे. पण जलद नाडी अनेकदा आजाराची, ताणाची, शरीर कमावलेले नसल्याची खूण असते. खूण खाली ढकलली म्हणून कारण जात नाही. श्रीपाल बंगलोर, फ्रँझ मेसर्ली आणि सहकाऱ्यांनी 2008 साली उच्च रक्तदाबावर बीटा ब्लॉकर दिलेल्या चाचण्यांचे आकडे एकत्र केले, तेव्हा या औषधाने नाडी जितकी खाली उतरली होती तितका मृत्यूचा आणि हृदयविकाराच्या घटनांचा धोका अधिक दिसला. कडक झालेल्या महारोहिणीत संथ, मोठे ठोके गेले की मधला दाब चढतो, हे त्यामागचे एक संभाव्य कारण. कमावलेल्या शरीराची नाडी आपोआप मंद असणे आणि थकलेल्या हृदयावर यंत्राने किंवा गोळीने मंद गती लादणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

रात्रीचा विचार तर आणखी कमी होतो. झोपेत निरोगी हृदयही पन्नाशीच्या आत उतरते. काही रुग्णांना रात्रभर 60 किंवा 70 ने चालणारे हृदय झोपू देत नाही, उशीला कान लावला की धडधड जाणवते. यासाठी यंत्रात रात्रीची वेगळी गती ठेवण्याची सोय आहे. काही यंत्रे हालचालीवरून झोप ओळखतात, काही केवळ घड्याळावर चालतात. घड्याळावर चालणारे यंत्र पुण्यात रात्री दहा ते सकाळी सहा असे लावले आणि आजोबा उन्हाळ्यात लेकीकडे न्यू जर्सीला गेले, तर तिथे त्यांचे हृदय दुपारी साडेबारा ते रात्री साडेआठ मंद चालेल. नेमके नातवंडांबरोबर बागेत जायच्या वेळी. प्रवासाला निघण्याआधी एका तपासणीत हे दुरुस्त होते, पण यंत्रात अशी सोय लावलेली आहे हे आजोबांना कुणी सांगितले असेल तरच.

इथेच माझा मूळ मुद्दा येतो. हा आकडा ठरवतो कोण? आपल्याकडे अनेक ठिकाणी प्रोग्रॅमर हाताळतो तो यंत्राच्या कंपनीचा माणूस. तो कुशल असतो, त्याच्याविना कितीतरी रुग्णालयांचे काम अडेल. पण त्याच्यापुढे रुग्णाचा टू-डी इको असतोच असे नाही आणि उपचार बदलण्याचा अधिकार त्याला नाही. डॉक्टरांकडे अधिकार आहे, वेळ नाही. रुग्णाकडे वेळ आहे, दिवसातले चोवीस तास तो या आकड्यात राहतो, पण असा काही आकडा असतो हेच त्याला माहीत नसते. अशा रचनेत कारखान्याचा आकडा जिंकतो, कारण तो बदलायचा असेल तर कुणाला तरी बोलावे लागते आणि तसाच ठेवायचा तर कुणालाच बोलावे लागत नाही.

गरिबीचाही इथे संबंध आहे. एका लीडचे यंत्र स्वस्त असते, म्हणून आपल्याकडे पुष्कळ रुग्णांना तेच बसते. सायनस नोड थकलेल्या रुग्णाला खालच्या कप्प्यात एकच लीड असेल, तर मर्यादा वाढवली की यंत्राचे ठोके वाढतात, तेही नको त्या जागेवरून, वरच्या-खालच्या कप्प्यांचा ताळमेळ तोडून. अशा माणसाला 75 देणे हा अन्याय ठरेल. त्याच्यासाठी बहुधा उलटा विचार करावा लागतो: मर्यादा 50 वर आणावी किंवा यंत्राला थोडे थांबायला लावणारी हिस्टेरेसिसची सोय वापरावी, म्हणजे त्याचे स्वतःचे जेवढे ठोके शिल्लक आहेत तेवढे पडतील. त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर दोन लीडचे यंत्र आणि कडक हृदय घेऊन पडलेल्या बाईंना मात्र वाढीव आकड्याचा फायदा होऊ शकतो. दोघांच्या कागदांवर आज 60 च आहे.

तेव्हा तपासणीला जाताना घरच्यांनी तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. किमान गती किती ठेवली आहे आणि का. खालच्या कप्प्यातले किती टक्के ठोके यंत्र देते. आणि शेवटचा टू-डी इको या आकड्याशी ताडून कधी पाहिला. हे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. कित्येक डॉक्टर या प्रश्नाने खूश होतील, कारण आकडा बदलून बघणे ही वैद्यकातली दुर्मीळ सोय आहे: बदल लगेच होतो, लगेच मागेही घेता येतो. महिनाभर 70 किंवा 75 वर ठेवावे, सहा मिनिटे चालण्याची चाचणी आणि बीएनपी आधी व नंतर करावी, झोप कशी लागते ते विचारावे. छातीत दुखू लागले तर, विशेषतः रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर, ताबडतोब खाली यावे, कारण जलद हृदयाला प्राणवायू जास्त लागतो. बॅटरीचे काही महिने कमी होतील, तेही आधीच सांगावे. काही जण म्हणतील, मला 60 वरच बरे वाटते. मग 60 ठेवावे. तेव्हा ते त्या माणसाचे 60 असेल आणि का ठेवले ते कागदावर लिहिलेले असेल.

मोठी चाचणी हवीच आणि ती आपल्याकडे का होऊ नये हे मला कळत नाही. महाराष्ट्रातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत पेसमेकरचे रुग्ण वर्षानुवर्षे त्याच दारांत तपासणीला येतात. यंत्रे आधीच त्यांच्या छातीत आहेत. नवे औषध विकत घ्यायचे नाही, कुणाला टेबलावर घ्यायचे नाही. नैतिक समितीची मान्यता, रुग्णांची संमती, कुणाला कोणता आकडा दिला हे झाकून ठेवण्याची शिस्त आणि वर्षभर नोंदी ठेवणारी माणसे लागतील. व्हर्माँटमधले सूत्र उंचीवर उभे आहे आणि आपल्या आज्या जेमतेम पाच फुटांच्या. तिथल्या माणसांवर बेतलेला आकडा त्यांना जसाच्या तसा लागू पडतो, कमी पडतो की जास्त होतो, हे त्यांनाच तपासून कळेल.